पळणारं आणि थांबलेलं

कारंज्याजवळच्या सोहोळ अभयारण्यात काळवीट उधळतो तेव्हा त्याच्याकडे कसं पाहायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. गवतातून कळप फुटतो, एक नर उसळी घेतो आणि आपली नजर त्याला जाऊन चिकटते. शिंगांचे पीळ, पोटाचा पांढरा रंग, खुरांखालून उडणारी माती, सगळं लख्ख दिसतं. पुसट होतं ते मागचं गवत. डोळा काळविटाच्या वेगानं सरकतो, म्हणून पळणाराच त्याला स्थिर दिसतो आणि उभं रान वाहायला लागतं. हजारो वर्षं माणसानं शिकार अशीच हेरली आणि आपल्यावर धावून येणारं जनावरही असंच ओळखलं. धावत्या वस्तूवर नजर ठरली की मनाला जो आनंद होतो, तो फार जुना आहे.

पडद्यावर मात्र हे बिनसतं. पडद्यावर काहीच पळत नाही. एकामागून एक थांबलेली चित्रं येतात. 60 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण 16.7 मिलीसेकंद जागच्या जागी उभं असतं. डोळा तर पळणाऱ्याच्या मागे सरकतच असतो. चित्र थांबलेलं, नजर चालती. त्यामुळे तेच चित्र बुबुळामागच्या पडद्यावर फासल्यासारखं लांबतं. ज्याच्याकडे पाहायचं तोच पुसट होतो. रानात जे कधी घडत नाही, ते काचेवर रोज घडतं. चित्रं जितकी लवकर बदलतील, तितका हा फराटा आखूड होतो. मॉनिटरच्या खोक्यावर 144, 165, 240 असे जे आकडे छापलेले असतात, त्यांचा खरा अर्थ एवढाच.

आमची पिढी दूरदर्शनच्या सेकंदाला 25 चित्रांवर वाढली आणि त्यात तृप्त होती. माझा भाचा व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळतो. त्याला मी एकदा विचारलं, साध्या पडद्यावर अडतं कुठे? तो म्हणाला, "मामा, साठवर त माणूस दिसते तवा आपण मरेल असतो." नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं, तेव्हा पुष्कळ चाळणी लावून दोन उरले. एक बेनक्यूचा झोवी एक्सएल2546के : साडेचोवीस इंची, 1920 गुणिले 1080, 240 हर्ट्झ, टीएन पॅनेल. दुसरा एलजीचा 27जीपी850 : सत्तावीस इंची, 2560 गुणिले 1440, 165 हर्ट्झ, आयपीएस पॅनेल. वाशिमच्या बाजारात मिळतात ते बहुतेक ऑफिसचे मॉनिटर. असले पाहायचे तर अकोला नाहीतर नागपूर गाठावं लागतं, किंवा न पाहताच ऑनलाइन मागवावे लागतात. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

समजा, शत्रू पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत एका सेकंदात गेला. झोवीचा पडदा सुमारे 54 सेंटिमीटर रुंद. तोच 60 हर्ट्झवर चालवला तर नजरेत उमटणारा फराटा 9 मिलिमीटरचा. 240 वर तो सव्वादोन मिलिमीटरवर येतो. एलजी जवळजवळ 60 सेंटिमीटर रुंद, 165 वर फराटा साडेतीन मिलिमीटरच्या थोडा वर. लांबच्या शत्रूचं डोकंच पडद्यावर काही मिलिमीटरांचं असतं. 9 मिलिमीटरच्या धुरळ्यात ते हरवून जातं, साडेतीनमध्ये सापडतं, सव्वादोनमध्ये अगदी कोरलेलं दिसतं. भाचा म्हणत होता ते मला या हिशेबातून उमगलं.

वेळेचा हिशेबही मांडून पाहिला. 60 वरून 165 वर गेलं की दोन चित्रांमधलं अंतर 16.7 वरून 6.1 मिलीसेकंदांवर येतं, दहाच्या वर वाचतात. 165 वरून 240 वर गेलं तर 4.2, म्हणजे आणखी दोनही वाचत नाहीत. पहिली उडी मोठी, दुसरी लहान. डोळ्यांनी पाहून बोटानं क्लिक करायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलीसेकंद लागतात, त्यापुढे दोन म्हणजे किती? पण समोरच्याचा हातही तितकाच चपळ असेल, तर ज्याला आधी दिसलं त्याचं पारडं जड. शिवाय वाशिमचा मुलगा मुंबईच्या सर्व्हरवर खेळतो. फायबरमधून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तरी वाटेतल्या थांब्यांमुळे निरोप जाऊन यायला मुंबईच्या मुलापेक्षा याला जास्त वेळ लागतो. ते अंतर त्याच्या हातात नाही. पडदा हातात आहे. दोन मिलीसेकंदांसाठी जीव टाकणाऱ्या मुलाला हसावं असं यात काही नाही.

झोवीकडे आणखी एक हिकमत आहे. दोन चित्रांच्या मध्ये तो मागचा दिवा क्षणभर विझवतो. अंधारात चित्र बदलतं, मग उजेड पडतो. चित्र उभं राहण्याचा काळ त्यामुळे आणखी घटतो आणि फराटा आणखी आखडतो. टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरमध्येही पट्टी सरकत असताना झडप उजेड अडवायची; तंबूत बसलेल्यांना तो अंधार कधी दिसला नाही, पण त्याच्यामुळेच नायक घोड्यावरून नीट दौडला. चलनाची स्पष्टता मध्ये मध्ये अंधार पेरून मिळते, हे मला फार सुंदर वाटतं. नुसतं पळणारं पाहायचं असतं, तर निवड इथेच संपली असती.

पण पाहणं म्हणजे नुसतं पळणारं पाहणं नव्हे. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेच्या हरिषेणाचं राज्य होतं, आणि त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं दान दिलं. तिथली चित्रं पंधराशे वर्षं हललेली नाहीत. भिंतीसमोर उभं राहावं, डोळे अंधाराला सरावू द्यावेत, मग रंग हळूहळू वर येतात : गेरू, हिरवा, कुठे निळा. थांबलेल्या गोष्टीला वेळ द्यावा लागतो, आणि दिलेल्या वेळाची ती भरपाई करते.

घरातला पडदा दिवसातला बहुतेक वेळ अशाच थांबलेल्या गोष्टी दाखवतो. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, सोयाबीनचे भाव, कॉलेजची पीडीएफ. इथे ठिपक्यांची दाटी कामाला येते. झोवीवर इंचाला 90 ठिपके, एलजीवर 109. आकड्यात थोडाच फरक. पण मराठी मजकूर लावून पाहावा. कमी दाटीच्या पडद्यावर बारीक अक्षरातला रफार शिरोरेघेला चिकटतो, अनुस्वार आणि वेलांटीचं टोक एकमेकांत मिसळतं, 'द्ध' आणि 'ध्द' सारखेच वाटायला लागतात. दाट पडद्यावर तेच अक्षर मोकळा श्वास घेतं. दुसरं, टीएन पॅनेलकडे सरळ समोरून पाहावं लागतं. खाली-वर झालं की रंग उतरतात, काळं करडं दिसतं. आमच्या घरात एकटा माणूस पडद्यासमोर क्वचितच असतो. एक खुर्चीवर, एक मागे उभा, एक दाराशी टेकून. आयपीएसचा पडदा या सगळ्यांना सारखाच दिसतो.

"आकडे राहू द्या, मामा. डोयानं पाहून घेऊ," भाचा म्हणाला. ते त्याचं शहाणपण होतं. दुकानात जाऊन त्यानं पडद्यावर एक चित्र आडवं पळवलं आणि नजरेनं त्याचा पाठलाग केला. मग मी मराठीचा एक परिच्छेद उघडायला लावला आणि दोघांनी तो उभ्यानं, बाजूनं, लांबून वाचला. पळण्यात झोवी सरस होता, भाच्यानं ते लगेच ओळखलं. पण 165 वर त्याचा शत्रू त्याला सापडत होता, आणि अक्षरं तर सगळ्यांनाच सापडत होती. त्यानं एलजी निवडला. जो फक्त स्पर्धेसाठी खेळतो, टेबल-खुर्ची-पडदा सगळं स्वतःचं राखून आहे, त्यानं झोवी घ्यावा, डोळे मिटून घ्यावा. ज्याच्या घरी एकाच पडद्यावर काळवीटही पळायचा आहे आणि अजिंठाही थांबायचा आहे, त्यानं पहिली मोठी उडी घ्यावी आणि उरलेले पैसे ठिपक्यांत आणि रंगांत घालावेत.

घरी आणल्यावर मात्र दोन कामं विसरू नयेत. केबल डिस्प्लेपोर्टची लावायची, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 60 च्या जागी 165 निवडायचे. कित्येक घरांत हे राहून जातं. सेकंदाला 165 चित्रं दाखवू शकणारा पडदा वर्षानुवर्षं साठच दाखवतो, कारण त्याच्याकडून जास्त कुणी मागितलेलंच नसतं. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांचंही असं फार झालं आहे. म्हणून खेळणाऱ्या मुलाला "बंद कर ते" म्हणण्याआधी थोडा वेळ त्याच्या शेजारी बसावं. त्याचा डोळा किती वेगानं पाहतो, बोट किती अचूक पडतं, हे नीट पाहावं. आणि मग त्या नजरेला साजेसं काहीतरी मोठं त्याच्यापुढे ठेवावं, खेळातही आणि खेळाबाहेरही.