कृष्णाकाठी कॅमेरा घेऊन

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सातारा जिल्ह्यातून सांगलीकडे येते. वाटेत माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. आमच्या छायाचित्र मंडळाच्या बहुतेक सहली या नदीच्या काठानेच होतात. मंडळ लहान आहे. आम्ही काही शिक्षक, एक निवृत्त एस.टी. कंडक्टर, लग्नाचे फोटो काढणारा एक स्टुडिओवाला आणि दोन गृहिणी. चांगले कॅमेरे तिघांकडेच, बाकी सारे मोबाइलवाले. महिन्यातला एक रविवार फिरण्याचा आणि एक संध्याकाळ एकमेकांचे फोटो पाहून बोलण्याची, एवढाच नियम.

वाईजवळच्या मेणवलीला आम्ही फजरनंतर लगेच निघून पोहोचतो, कारण घाटावरचा कोवळा उजेड तासाभरात संपतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, नदीच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती मुळात पोर्तुगीज चर्चमधली. 1739 च्या वसई मोहिमेनंतर इकडे आली. तिच्यावर मरियम आणि बाळ ईसा यांची आकृती आहे. फोटो मोठा करून पाहिला, तेव्हाच ती आमच्यातल्या बऱ्याच जणांना नीट दिसली.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर म्हणजे उजेड-सावलीची शाळाच. अष्टकोनी बांधणी, खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि विहिरीतच बांधलेला छोटा महाल. छत्रपती शाहूंच्या काळातले हे काम. वर ऊन, खाली अंधार. एका फोटोत दोन्ही कसे पकडायचे, हे इथे स्टुडिओवाल्या भाईंनी आम्हाला शिकवले. खालच्या अंधाराला न्याय द्यावा तर वरचे आकाश पांढरे पडते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

कासच्या पठाराचा 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समावेश झाला. पावसाळ्याच्या शेवटी तिथे सीतेची आसवे, तेरडा, गेंद अशी फुले गालिच्यासारखी पसरतात. दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती तर जमिनीशी इतकी चिकटून असते की पायाखाली गेली तरी कळत नाही. म्हणून तिथे आमचा नियम कडक आहे: पायवाट सोडायची नाही. फुलाचा फोटो नाही मिळाला तरी चालेल, पण फूल राहिले पाहिजे.

सांगलीत आलो की 1929 चा आयर्विन पूल. ऑगस्ट 2019 च्या महापुरात इथे पाणी 57 फुटांपर्यंत चढले होते. धोक्याची पातळी 45 फूट. त्या पुराचे फोटो मंडळात पाहत असताना मोठा वाद झाला. नावेत बसून रडणाऱ्या एका म्हातारीचा फोटो कोणीतरी काढला होता. फोटो उत्तम होता. एक जण म्हणाला, "असे फोटो पाहूनच मदत येते." कंडक्टरकाकांनी विचारले, "तिला विचारलं होतंस का?" उत्तर आले नाही. तो फोटो प्रदर्शनात लागला नाही. त्याऐवजी भिंतींवर उरलेल्या पाण्याच्या खुणांचे फोटो लावले. लोक त्या खुणांशी आपली उंची मोजत उभे राहिले.

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. त्यांचे 1937 मध्ये निधन झाले. गावात सतार-तंबोरे बनवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पुढे तेच हात वाद्यांकडे वळले. भोपळा येतो पंढरपूरकडून.

माझी नववीतली एक विद्यार्थिनी आमच्याबरोबर तिथे आली होती. तिचे नाना याच कामात आहेत. आपल्या घरांत माणसांच्या फोटोविषयी वेगवेगळी मते आहेत, उलेमांमध्येही आहेत. तिने इजाजत मागितली तेव्हा नाना म्हणाले, "चेहरा नको, बेटा. हवं तर हातांचा घे."

तिने हातांचाच घेतला. भोपळ्यावर टेकलेला डावा पंजा, उजव्या हातात कानस, नखांत लाकडाचा भुसा. त्या महिन्याच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ आम्ही त्याच फोटोवर बोललो. नानांनी त्याची एक प्रत मागून घेतली आणि दुकानात लावली.

भगिनींनो, या शौकासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरातल्या मोबाइलवर सुरुवात करा, मुलींनाही बरोबर घ्या. दोन सवयी मात्र लावा. फोटो काढण्याआधी विचारायचे. आणि चांगला फोटो कागदावर छापून त्याच्या मागे नाव, गाव, तारीख लिहायची. आपल्या पेट्यांमध्ये असे कितीतरी जुने फोटो आहेत, ज्यांतली माणसे ओळखणारे आता घरात कोणी उरलेले नाही.