दवा आणि गाडी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण केनियाला गेलो होतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. कोकणातल्या कित्येक घरांप्रमाणे आमचेही नातलग नैरोबीत आहेत. मामूंनीच मसाई माराजवळच्या एका तंबूंच्या कॅम्पमध्ये आमची दोन रात्रींची सोय केली.

नारोक हे वाटेतले शेवटचे मोठे गाव. पुढे नजर पोहोचेल तिथवर गवत. जुलै ते ऑक्टोबर लाखो विल्डबीस्ट इथे सेरेंगेटीतून येतात. आम्हाला जरा उशीर झाला होता. पण झेब्रे, जिराफ आणि झाडाखाली सुस्तावलेली सिंहीण पाहून मुलांचे डोळे भरले.

कॅम्पला कुंपण नव्हते. अंधार पडला की एकट्याने तंबूबाहेर पडायचे नाही, शिट्टी वाजवायची, रखवालदार येईल, असे आम्हाला आल्या आल्या बजावले गेले. रखवालदार मसाई होता. अंगावर लाल शुका, एका हातात भाला, दुसऱ्या हातात बॅटरी.

मगरिबला अम्मी सवयीने पश्चिमेकडे वळल्या. मुलीने मोबाईलवर किब्ला दाखवला. तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे होता. "म्हणजे मक्केच्या दुसऱ्या बाजूला आलो आपण," अम्मी हसल्या.

मध्यरात्री धाकट्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्याला दमा आहे, आणि दिवसभर धूळ खाल्ली होती. पंपाची पिशवी शोधली तर ती जीपमध्येच राहिलेली! चूक आमचीच. जीप स्वयंपाकघराच्या पलीकडे, दोनशे पावलांवर. आणि तंबूमागे फांद्या मोडल्याचा आवाज. हत्ती!

आम्ही शिट्टी वाजवली. दूर बॅटरी हलली. रखवालदार लांबून वळसा घेऊन आला आणि बाहेरूनच हळू आवाजात काही विचारू लागला. घाबरून आमची इंग्रजी पळाली होती. अम्मी ओरडल्या, "दवा! दवा! गाडी!"

"दावा? गारी?" तो म्हणाला आणि अंधारात गेला.

स्वाहिलीत औषधाला दावा आणि मोटारीला गारी म्हणतात, हे आम्हाला सकाळी कळले. अरबी व्यापाऱ्यांनी आणि आपल्याकडच्या लोकांनी तिथे नेलेले शब्द त्या रात्री आमच्या कामी आले.

वीस मिनिटे आम्ही मुलाला बसते धरून त्याचे श्वास मोजत होतो. अम्मींच्या ओठांवर दुआ होती. मग पडद्याच्या फटीतून पिशवी आत आली. पंप दिला, हळूहळू श्वास खाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रखवालदाराच्या वस्तीवर गेलो. काट्यांच्या कुंपणात माती आणि शेणाने लिंपलेली घरे, तीही बायकांनी बांधलेली. ड्रायव्हर दुभाष्या झाला. गेल्या वर्षी सिंहाने त्याच्या दोन गाई नेल्या होत्या. बापाच्या काळी तरुण पोरे भाले घेऊन सिंहामागे गेली असती. आता वस्तीची जमीन कॅम्पला भाड्याने दिली आहे. सिंह जगला तरच पाहुणे येतात आणि भाडे मिळते. "पण गाय गेली की पोटात तुटतेच," तो म्हणाला.

अम्मींनी विचारले, "बेटा, रात्री भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर हळू गेलो."

इतक्यात त्याचा लहान मुलगा अम्मींसमोर डोके झुकवून उभा राहिला. अम्मी गोंधळल्या. ड्रायव्हर म्हणाला, "डोक्यावर हात ठेवा. इथे मुले मोठ्यांना असाच सलाम करतात." अम्मींनी हात ठेवला आणि घरच्या नातवाला देतात तशीच दुआ दिली.

आमचा धाकटा हे पाहत होता. कुणी सांगितले नाही, तरी तो पुढे झाला आणि रखवालदारासमोर मान खाली घालून उभा राहिला.

तेव्हापासून पंपाची पिशवी प्रवासात आमच्या उशाशी असते.