दादाची बोट आणि तळाचे फोड



गोव्यातल्या मराठी घरांच्या आठवणी म्हटल्या की देवळातली नाटकं, भजनी सप्ताह, मराठी शाळा, सकाळी दारात पडणारं मराठी वर्तमानपत्र हे ओघाने येतंच. आमच्या घरी त्यात आणखी एका गोष्टीची भर होती, ती म्हणजे बार्ज. बोलणं कोंकणीत, वाचन आणि जमाखर्च मराठीत आणि पोटापाणी नदीवर, असं आमचं घर. बाबांनी दोघा भागीदारांबरोबर लोखंडी बार्ज घेतली होती. मांडवीच्या वरच्या अंगाला जेटीवर खनिज भरायचं आणि मुरगाव बंदरात पोचवायचं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादला, वाळूचा बांध येतो आणि तिथून बार्जना बाहेर पडता येत नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मॅट्रिकनंतर बार्जवर गेला आणि चाळीस वर्षं तिथेच राहिला. मी शिकले, उच्च माध्यमिकला केमिस्ट्री शिकवली आणि निवृत्त झाले.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्ये थोडा काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. त्या वर्षांत कितीतरी बार्ज नदीत नुसत्या नांगरून पडल्या होत्या. आमचीही पडली होती. शेवटी ती भंगारात गेली. भागीदारांचे वाटे जाऊन जे हाती आलं ते दादाने बँकेत ठेवलं. तीच त्याची पेन्शन. दादा घरात बसून चिडचिडा झाला होता. एके दिवशी जेवताना म्हणाला, "मी जुनी मोटर क्रूझर बघतोय. तीस-बत्तीस फुटी. आत झोपायला जागा, छोटं स्वयंपाकघर, दोन डिझेल इंजिनं. घरच्यांना होईल, आणि पुतण्या म्हणतोय की परवाने काढून चार पाहुणेही फिरवता येतील."

वहिनीने ताट बाजूला सारलं. "पैसे पाण्यात घालणं म्हणतात ते हेच," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू जा बरोबर. हे बोट बघितली की भुलतात."

तर मी गेले. फायबरच्या जुन्या बोटीचा तळ कसा बघायचा हे आम्हाला दोन बोटी बघताना कळलं. आपल्यातल्या बऱ्याच घरांची मुलं आता मालवण, वेंगुर्ले, कारवारकडे बोटींच्या धंद्यात उतरत आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली बोट नदीतच बांधलेली होती. पांढरीशुभ्र, गाद्या नव्या, स्टीलच्या कठड्यात तोंड दिसेल इतकी चकचकीत. तळाला नुकताच रंग दिलाय असं विकणारा अभिमानाने सांगत होता. दादा तिच्याकडे बघून गप्प झाला, म्हणजे आवडली. मी विचारलं, "वर काढून बघायची?" विकणारा म्हणाला, "चालते आहे मस्त, वर कशाला काढता?" इथे मात्र दादा त्याच्या मूळ स्वभावावर आला. लोखंडी बार्ज घेताना कोणी पाण्यातूनच बघून घेत नाही. यार्डात वर घेऊन, हातोडीने ठोकून, पत्र्याची जाडी मोजून मगच बोलणी. क्रेनचा खर्च आम्ही देतो म्हटल्यावर विकणाऱ्याचा नाइलाज झाला.

एक गोष्ट आधी सांगते. लोखंड बोलतं. गंज दिसतो, पापुद्रे सुटतात, पत्रा पातळ झाला की मीटरवर कळतं. फायबर गंजत नाही, कुजत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फायबरची बोट नुसती फायबरची नसते. तळाच्या आतून पुढून मागपर्यंत लांब आधार जातात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. इंजिनं त्यांच्यावरच बसवतात. जुन्या बोटींत बऱ्याचदा या आधारांच्या पोटात लाकूड किंवा प्लायवूड असतं, वरून काचेच्या कापडाचे आणि रेझिनचे थर. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरलं की आतलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. डेकच्या आणि मागच्या उभ्या भिंतीच्या पोटातही असंच लाकूड असू शकतं.

बोट पट्ट्यांवर टांगली गेली, ठोकळ्यांवर बसली. दादाने प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी काढली आणि पुढून सुरुवात केली. टण, टण, टण. "बाय, आवाज आयक," म्हणाला. नारळ घेताना आपण वाजवतो, नव्या फरशीवर नाणं आपटतो, तोच प्रकार. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले किंवा आत ओल असेल तिथे भद्द येतो. इंजिनांच्या खाली पोचलो आणि आवाज बसला. आधी वाटलं, वर इंजिनाचं वजन आहे म्हणून असेल. आतून आधार किंवा टाकी टेकलेली असते तिथेही आवाज बदलतो, तो दोष नसतो. म्हणून आत उतरून बघितलं. मालकाच्या परवानगीने इंजिनाच्या पायाजवळचा एक स्क्रू काढला. तो बोटांनीच फिरला. मागोमाग तपकिरी पाणी आणि काळा भुसा आला. बाहेरून त्याच रेषेत, नव्या रंगाखाली, एक लांब चीर दिसत होती. नवा रंग कशासाठी होता ते कळलं.

इंजिनाचं वजन आणि हादरे ज्याच्यावर, तेच लाकूड भुसा झालेलं. ते काढायचं तर इंजिनं बाहेर, फ्लोअर उखडून नवे आधार. म्हणजे अर्धी बोट नव्याने बांधणं. दादा हातोडी खिशात घालून म्हणाला, "देव बरें करूं," आणि आम्ही निघालो. गाडीत बराच वेळ बोलला नाही. गाद्या फार छान होत्या हो.

दुसरी बोट झुआरीच्या काठावरच्या एका यार्डात पावसाळ्यापासून वर काढून ठेवलेली होती. वय वीस वर्षं, पांढरा रंग उडून खडूसारखा झालेला, पडदे फाटलेले. आणि तळाला फोड. मुगाएवढ्यापासून दहा रुपयांच्या नाण्याएवढे, पाण्याच्या रेषेखाली सगळीकडे. पुतण्या म्हणाला, "आत्ये, बोटीला देवी आल्यात. चल घरी."

मला मात्र राहवलं नाही. शाळेतला पीएच पेपर मी पर्समध्ये घेऊनच गेले होते. आधी चष्मा लावला, कारण या फोडांत दाब असतो आणि आतलं पाणी डोळ्यात उडू शकतं. मग टाचणीने एक फोड फोडला. चिकट थेंब बाहेर आला, व्हिनेगरसारखा वास. पेपर लालसर झाला. आम्ल.

हे अकरावीच्या वर्गातलं ऑस्मोसिस. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात तसं. बोटीला बाहेरून जो गुळगुळीत थर असतो, जेलकोट, त्यातून पाणी अगदी सावकाश आत झिरपतं. आत रेझिनमध्ये काही पाण्यात विरघळणारी द्रव्यं राहिलेली असतात. त्यांचं दाट द्रावण होतं, ते आणखी पाणी ओढतं, जागा मिळत नाही म्हणून जेलकोट फुगतो. पाणी जितकं कोमट आणि जितकं गोडं तितकं हे लवकर. आपल्या नद्यांचं पाणी बारा महिने कोमट, आणि पावसाळ्यात मुखापर्यंत गोडं होत जातं. मग इथल्या बोटीला फोड आले तर नवल काय?

पण फोड म्हणजे बोट गेली असं नव्हे. ते बहुतेकदा वरच्या कातडीचं दुखणं असतं आणि फार हळू वाढतं. प्रश्न एवढाच की खालचे थर घट्ट आहेत का. दादाने दोन तास ठोकलं. मी खडूने चौकोन आखत गेले. सगळ्या बोटीत तीन जागी आवाज बदलला. दोन जागी आतून टाकी आणि आडवी भिंत निघाली. तिसरी वर डेकवर, दोर बांधायच्या खुंट्याजवळ, तिथे खरंच ओल होती, पण हातभर. इंजिनाखाली मात्र टण, टण. दादाने तिथे दहा वेळा ठोकलं असेल.

बाकीही बघितलं. तळातून पाणी घ्यायच्या पितळी तोट्यांपैकी एक गुलाबी पडलेली होती. पितळेतलं जस्त निघून गेलं की तांबूस, ठिसूळ सांगाडा उरतो, ती बदलायलाच हवी. जस्ताचे गोळे अर्धे झिजलेले होते, हे उलट बरं लक्षण. पूर्ण संपलेले असतील तर मालकाने लक्ष दिलेलं नाही, आणि अजिबात झिजलेले नसतील तर ते नीट जोडलेले नाहीत किंवा त्यांच्यावर रंग फासलाय.

मग आम्ही आमच्या पैशांनी सर्व्हेअर लावला. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको आणि विकणाऱ्याने दिलेला जुना रिपोर्टही नको, हे दादाने आधीच सांगितलं होतं. टोकन रक्कम दिली ती "सर्व्हे समाधानकारक झाल्यास" असं लिहून घेऊनच. सर्व्हेअरने जागोजागी तळाचा रंग खरवडून ओलावा मोजला, कारण शिंपले धरू नयेत म्हणून लावतात त्या रंगात तांबं असतं आणि मीटर फसतो. पाण्याच्या रेषेवरचा आकडा कोरडा धरून खालचे आकडे त्याच्याशी ताडले. दोन ठिकाणी घासून आत बघितलं. वरच्या थरापुरतंच होतं, खालचं घट्ट. त्याने स्पष्ट सांगितलं, एक-दोन वर्षं अशीच चालवलीत तरी चालेल, किंवा आत्ताच उपचार करा. तुमची निवड.

आता प्रश्न घरचा. उपचार म्हणजे तळाचा जेलकोट सोलायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, मीटरचा आकडा उतरेपर्यंत वाळवायचं, मग इपॉक्सीचे हात. गोव्याच्या पावसाळी हवेत हे होत नाही. डिसेंबर ते मार्च हाच काळ, आणि पाहुण्यांचा मोसमही तोच. पुतण्याचं म्हणणं, आधी कमवू, पुढच्या वर्षी बघू. दादा दोन्हीकडे.

वहिनीने वही आणली. बोटीची किंमत, उपचार, तोटी, डेकची दुरुस्ती, आणि दर वर्षी वर काढणं, रंग, विमा, सगळं एकाखाली एक लिहायला लावलं. बँकेतले अर्धे पैसे कुठल्याही हिशेबात धरायचे नाहीत, ही तिची अट. मग म्हणाली, "लोकांची पोरंबाळं बसवणार ना तिच्यात? आधी बोट, मग पाहुणे." दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सर्व्हे रिपोर्ट मालकापुढे ठेवला आणि दुरुस्तीचा सगळा खर्च किमतीतून मागितला. आठवडा ओढाताण झाली. मालकानेही रिपोर्ट वाचला होता, त्यामुळे भांडण झालं नाही. किंमत जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरली.

पहिला मोसम बोट यार्डातच वाळत उभी होती. दादा रोज डबा घेऊन जायचा आणि दुपारभर तिच्या सावलीत बसायचा. चिडचिड गेली ती तिथेच, बोट पाण्यात उतरायच्या आधी.

कोणी जुनी बोट बघत असाल तर मी एवढंच म्हणेन, फोड बघून पळू नका आणि चकाकी बघून भुलू नका. बोट पाण्याबाहेर काढून बघा, वाजवून बघा, इंजिनाखालचा आधार आधी बघा, सर्व्हेअर स्वतःचा लावा. दुरुस्तीचा आकडा कागदावर आल्याशिवाय हो म्हणू नका. आणि घरात जो नको म्हणतोय त्याच्या हातात वही द्या.

वहिनी आता बोटीवर येते. पहिल्यांदा चढताना तिने दाराशी उभं राहून फ्लोअरवर पायाने दोनदा ठोकून बघितलं होतं.

तुमच्या घरांत कोणी बार्ज, मचवा, फेरीबोट यांवर काम केलं असेल, तर त्यांच्या आठवणी इथे जरूर लिहा. दादाला वाचून दाखवीन.