स्कायलॅब, बाबा आणि वासी उत्तरायण

११ जुलै १९७९. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर. स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून आईने आम्हा भावंडांना दिवसभर माजघरात बसवून ठेवलेलं, आणि बाबा मात्र धाब्यावर उभे! पावसाळी आभाळात दिसणार काय? तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. पण आईचा राग काही गेला नाही. "लेकरं घाबरलेली, आणि ह्यांचं लक्ष आभाळात!" हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा नाद माझ्यात उतरला असावा. मी सहा इंची दुर्बीण घेतली आणि भर दिवसा अंतराळ स्थानकाचा फोटो काढायचा ध्यास घेतला. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. अगदी डोक्यावर असलं की दुर्बिणीत गुरूच्या बिंबापेक्षाही थोडं मोठं दिसतं. पण निळ्या आभाळात ते सापडायला हवं ना!

सहा वेळा हुकलं. सातव्यांदा वासी उत्तरायणाची संध्याकाळ होती. सूर्य चुकूनही दुर्बिणीत येऊ नये म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिलो. दिवसा दिसणाऱ्या चंद्रावर फोकस पक्का केला. आभाळ गडद दिसावं म्हणून लाल फिल्टर लावला, कॅमेऱ्यावर व्हिडिओ सुरू केला आणि दुर्बीण हाताने ढकलत राहिलो. शेजारच्या धाब्यावरून आवाज आला, "भाई, शुं देखाय छे?" पतंगांच्या गर्दीत शोधक दुर्बिणीत एक पांढरा ठिपका सरकत होता. तो पतंग नव्हता.

रात्री व्हिडिओतल्या चांगल्या चौकटी निवडून एकावर एक बसवल्या. मधे पांढरा सांगाडा, दोन्ही बाजूंना सौरपंखे. लॅपटॉप आईपुढे ठेवला. ती चष्मा वर-खाली करत बघत राहिली.

"आत माणसं आहेत?"

"हो. स्कायलॅबमध्येही राहायची. पडलं तेव्हा मात्र रिकामं होतं."

"हे तुला दिवसाउजेडी दिसलं?"

"हो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी ढग नसते तर ह्यांनाही काहीतरी दिसलं असतं रे. उगाच बोलले मी."

आता तो फोटो बाबांच्या तसबिरीशेजारी आहे. आईनेच लावायला सांगितला.

तुमच्या घरी स्कायलॅबच्या दिवशी काय चाललं होतं? जरूर लिहा.