दहा महिन्यांची मर्यादा



बऱ्याच जणींच्या कानावर आलंच असेल, तरी इथे सांगते. कंपनीने मला दहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आणि जुलैअखेर परत यायचं, म्हणजे पुढचं दशलक्षण पर्व घरीच. मी एकटीच जाणार आहे. यांची नोकरी पुण्यात, लेक दहावीला आणि सासूबाईंचं वय ७४.

बातमी कळल्यावर प्रत्येकीने एकेक प्रश्न विचारला. ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, "कोट घेतला का?" नणंद म्हणाली, "दहावीच्या वर्षी जातेस?" मंदिरात भेटलेल्या काकूंनी विचारलं, "तिथं खाणार काय गं?" सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "किती दिवसांसाठी, आणि कुठवर?"

आईंचं दिग्व्रत आहे. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो, तेव्हा त्यांनी ते घेतलं. पूर्वेला सम्मेद शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर आणि दक्षिणेला श्रवणबेळगोळ. जन्मभर या चौकटीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे मी तिथे आजारी पडले, एकटी पडले, तरी आई मला भेटायला येऊ शकणार नाहीत. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा समोर आलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "माझी मर्यादा माझी. तू तुझी ठरव, पण जायच्या आधी ठरव. तिथं जाऊन ठरवशील तर रोज एक सूट निघेल."

हे वाक्य घेऊनच मी तयारीला लागले. आपल्याकडे यम आणि नियम असा फरक सांगितला आहे, तो आठवा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तो स्पष्ट आहे. जन्मभरासाठी घेतो तो यम, ठरावीक मुदतीसाठी घेतो तो नियम. दिग्व्रत जन्मभराचं, तर देशव्रत म्हणजे त्याच्याही आत काही काळापुरती आखून घेतलेली हद्द. थोड्या दिवसांसाठी परगावी जाणाऱ्या बाईला याहून उपयोगी गोष्ट कुठली? माझी नेमणूक मुदतीची आहे, तर माझे नियमही मुदतीचे. मग मी एका कागदावर दोन रकाने केले.

पहिल्या रकान्यात जे कुठेही बदलणार नाही ते लिहिलं: मद्य, मांस, मध आणि अंडं नाही, कंदमूळ नाही. दुसऱ्या रकान्यात या दहा महिन्यांपुरतं जे झेपेल ते. रात्रीभोजनाचा प्रश्न इथेच आला.

आपल्याकडे सूर्यास्त वर्षभरात साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान फिरतो. स्टुटगार्टला डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतरच्या दोन घटिका आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन घटिका, म्हणजे दोन्हीकडची ४८-४८ मिनिटं सोडली, तर हातात साडेसहा-पावणेसात तास उरतात. तेही सगळे ऑफिसचे. उलट जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास. तेव्हा मोह वेगळाच: उजेड आहे म्हणून नऊ वाजता पुन्हा ताट घ्यायचं का?

मी असं ठरवलं. हिवाळ्यात दोन डबे न्यायचे. नऊ-सव्वानऊला पहिला, सव्वातीनला दुसरा, नंतर अन्न नाही. पाणी आणि औषध मोकळं ठेवलं आहे. आईंचा चौविहार असतो, माझा तिथे झेपणार नाही, म्हणून घेतला नाही. उन्हाळ्यात सूर्य असला तरी संध्याकाळी सातनंतर जेवण नाही. माझ्या तिथल्या वरिष्ठांना मी हे आधीच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की सव्वातीनला मीटिंग ठेवू नये का? मी म्हटलं, वीस मिनिटं पुरतील.

आता खरेदीची तयारी. तिथल्या पाकिटांवर आपला हिरवा ठिपका नसतो, तेव्हा मी शब्द पाठ केले आणि लेकाने माझी तोंडी परीक्षा घेतली. त्स्वीबेल म्हणजे कांदा, क्नोब्लाउख लसूण, कार्टोफेल बटाटा, आय म्हणजे अंडं, होनिश म्हणजे मध, फाइगे म्हणजे अंजीर. मुस्लीच्या पाकिटात मध आणि अंजीर दोन्ही सापडू शकतात, उदुंबर फळांचा त्याग असणाऱ्यांनी लक्ष ठेवावं. गेलाटीने प्राण्यांपासूनच. चीजवर 'लाब' असेल तर ते दूध फाडायचं रेनेट, पुष्कळदा वासराच्या जठरातलं. 'ई १२०' हा लाल रंग किड्यांपासून काढतात. अंडं आणि दूध हे शब्द तिथे घटकांच्या यादीत ठळक छापावेच लागतात, त्यामुळे शोधणं सोपं जातं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच आठवड्याचं बघायचं.

सामानात एक धडा सर्वांत आधी कळला. युरोपीय संघाच्या बाहेरून येताना दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, खवा नाही. ताजा कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, म्हणून सावलीत वाळवून घेतला. माझ्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. एकीत कपडे आणि कागदपत्रं. दुसरीत मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, गोडा मसाला, सपाट बुडाचा कुकर, तवा, पाणी गाळायचं दुपदरी कापड, जपमाळ आणि पूजापाठाचं छोटं पुस्तक. आपल्या मिक्सरचा तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, म्हणून एक अ‍ॅडॅप्टर. २३ किलोंचा काटा हा परिग्रह परिमाणाचा चांगला मास्तर आहे. तीनदा काढलं, तीनदा भरलं.

पण खरी तयारी माझ्या बॅगेची नव्हती, घराची होती. आईंना शोधाचं जेवण लागतं. पिठाची मर्यादा त्या काटेकोर पाळतात: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. घरघंटी आजवर मीच लावायची. दोन महिन्यांपासून दर रविवारी लेक दळण निवडतो, आई शेजारी बसून बघतात आणि दळलेल्या पिठाच्या डब्यावर तो तारीख लिहितो. यांनी भाकरी शिकायला घेतली. पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राचा नकाशा झाला, आता गोल येते. आईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरांच्या तारखा फ्रिजवर लावल्या आहेत. बोर्डाच्या परीक्षेसाठी यांनी रजा आत्ताच टाकली.

परीक्षेला मी नसेन, याचं वाईट वाटतं. ते वाटू दे, असं मी ठरवलं आहे. लेकाला विचारलं तर म्हणाला, "पेपर मलाच लिहायचाय ना?" रात्री मात्र त्याने हळूच विचारलं, "पेपरच्या दिवशी सकाळी फोन करशील?" तिथे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे घड्याळ असतं. माझ्या पहाटे चारला त्याचे साडेआठ वाजतील. गजर लावला आहे.

ज्या देशात जाते तो आपल्याला अगदी परका नाही, हेही शोधताना कळलं. आचारांग आणि कल्पसूत्राचा इंग्रजी अनुवाद करणारे हर्मन याकोबी जर्मन. त्यांचा ग्रंथ १८८४ साली आला. जैन धर्म बौद्ध धर्माची शाखा नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. जैन धर्मावर मोठं पुस्तक लिहिणारे हेल्मुट फोन ग्लासेनाप ट्युबिंगेनला शिकवत, ते गाव स्टुटगार्टहून जवळच आहे. मंदिर मात्र लांब: बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ विलरैकला संगमरवरी जैन मंदिर आहे, पाचशेच्या आसपास किलोमीटर. ऑफिसातले लोक पॅरिस, स्वित्झर्लंड, रोमच्या सहलींची यादी देतात. मी माझं देशव्रत असं घेतलं: स्टुटगार्ट आणि आसपास, ट्युबिंगेन, आणि एकदा विलरैकचं दर्शन. बाकीचे शनिवार-रविवार स्वाध्यायाला आणि घरच्यांशी बोलायला.

आईंना कागद वाचून दाखवला. त्यांनी दोनच ठिकाणी बोट ठेवलं. "आजारी पडलीस तर काय, ते लिही," आणि "परतायची तारीख वर लिही." दोन्ही लिहिलं.

तुमच्यापैकी कुणी अशीच मुदतीवर निघणार असेल, तर व्हिसाच्या फाइलसोबत हा एक कागद जरूर करा, आणि घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. झेपेल तेवढंच लिहा, पण लिहिलेलं पाळा. थंडीतल्या डब्यात काय न्यावं, ज्याला कांदा-बटाटा लागत नाही आणि गार झालं तरी चांगलं लागतं, ते मला जरूर कळवा. निघायला अजून तीन आठवडे आहेत.

जय जिनेंद्र.