फळ्यावरची उधारी

६ मार्च २०२३. केचियाओ, चीन.
पाऊस. सकाळपासून तपासणीच्या मशीनवर. मागून दिवा, पुढून कापड सरकतं. छिद्र, तेलाचा डाग, तुटलेला धागा. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, नऊच्या वर चार. शंभर चौरस वारांत चाळिसाच्या पुढे गेलं की ताका बाजूला. आज एकही बाजूला गेला नाही. पांढरं पॉलिस्टर शर्टिंग. इतकं साफ कापड आणि हा भाव. शेठ खूश होतील.
रात्री लू शुनचं पुस्तक काढलं. यांग श्यानयी आणि ग्लॅडिस यांग या नवरा-बायकोनं केलेला इंग्रजी अनुवाद. कोल्हापूरला रद्दीत मिळाला होता. लू शुन शाओशिंगचा, १८८१चा जन्म. केचियाओ आता शाओशिंगचाच एक भाग. पोटासाठी आलो ते नेमका त्याच्या गावात.

८ मार्च
‘कोंग यिजी’. पाच-सहा पानांची कथा. गुत्त्यात दारू गरम करणारा पोरगा सांगतोय. आखूड सदऱ्याची माणसं बाहेर उभ्यानं पितात, लांब झग्याची आत बसून. लांब झगा घालून उभ्यानं पिणारा एकटा कोंग यिजी. परीक्षा पास झाला नाही. दुसरं काम येत नाही. पुस्तकं चोरतो, मार खातो. शेवटी पाय मोडलेले, हातांवर सरकत येतो, एक वाटी मागतो. मालक आधी उधारीची आठवण करून देतो. १९ नाणी. वर्षअखेरीस मालक फळा उतरवतो, कोंग यिजीकडे १९ बाकी. पुढच्या ड्रॅगन बोटीच्या सणालाही तेच. त्यानंतर मालक काही म्हणत नाही.
बघायला कुणी गेलेलं नाही. पोरगा म्हणतो, मेलाच असावा.

१२ मार्च
सुट्टी. शाओशिंग शहरात गेलो. श्येनहंग गुत्ता खराच आहे. १८९४ सालचा, लू शुनच्या भाऊबंदांनी काढलेला. काही वर्षांत बंद पडला, १९८१ मध्ये पुन्हा उघडला. दाराशी कोंग यिजीचा पुतळा. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. बडीशेपेत उकडलेले जाड दाणे घेतले, कथेतले तेच. दारू घेतली नाही. कथेत वाटी चार नाण्यांची, पुढे दहाची होते. आता उधार नाही. मोबाइलवर पैसे आधी, वाटी नंतर.

१५ मार्च
दादाचा फोन. खर्ची देणाऱ्यानं, म्हणजे सूत देऊन मजुरीवर विणून घेणाऱ्यानं, दर उतरवला. पिकाला (इंचातल्या एका आडव्या धाग्याला) अर्धा पैसा. ५२ पिक धरले तर मीटरला २६ पैसे. एका मागावर दोन पाळ्यांत शंभर मीटर. दादाचे आठ माग. दिवसाला दोनशे आठ रुपये गेले. लाइटबिल तेच, कांडीवाली तीच, जॉबर तोच.
“बाजारात माल उठंना,” म्हणाला. “सस्तं कुठनंतरी यायलंय.”

१८ मार्च
शेजारच्या गाळ्यातली मुलगी इंग्रजीची पदवीधर. दिवसभर नमुन्याचे तुकडे कापून पुठ्ठ्याला चिकटवते. माझ्या हातात पुस्तक बघून म्हणाली, “मीसुद्धा कोंग यिजी.” हे म्हणे सध्या इथल्या पोरांचं मोबाइलवर जोरात चाललंय. शिक्षणाचा झगा अंगात, उतरवता येत नाही, आत बसायला पैसे नाहीत. सरकारी टीव्हीनं उपदेश केलाय: कोंग यिजी शिकला म्हणून बुडाला नाही, शिकल्याचा तोरा सोडून कष्ट करायला तयार नव्हता म्हणून बुडाला.
“कात्री दाखवू का त्यांना?” म्हणाली.

२२ मार्च. पाडवा.
वहिनीनं गुढीचा फोटो पाठवला. मागे शेडचं दार दिसतं. बंद. सणाचं बंद की कसं, विचारलं नाही.

२९ मार्च
ये शंगथाओ, १९३३ ची कथा. पीक चांगलं आलंय. जुन्या फेल्ट टोप्या घातलेले शेतकरी होड्या भरून भात घेऊन बाजारगावी येतात. दुकानदार भाव सांगतो: तांदूळ पाच, भात तीन. मागच्या वर्षीपेक्षा खूप कमी. परदेशी तांदूळ उतरलाय. नको तर परत न्या, म्हणतो. परत कुठं नेणार? खंड द्यायचाय, कर्ज फेडायचंय. चांदीची नाणी मागितली तर हातात कागदी नोटा. तरी साबण, काडेपेटी, रॉकेल घेतात. दोन घोट पितात, शिव्या देतात, होड्या सोडतात.
कुणी मरत नाही या गोष्टीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या होड्या येतात, तेच बोलणं होतं.
शेवटच्या पानावर यादी सुरू केली. कोंग यिजी १९. तांदूळ ५, भात ३.

५ एप्रिल. चिंगमिंग.
इथला पितरांचा दिवस. कबरी झाडायच्या, कागदी पैसे जाळायचे. तीनचाकीवाला शिफू आला नाही म्हणून ताके खालीच पडून.
लू शुनची ‘औषध’ पुन्हा वाचली. चहाचं दुकान चालवणारा म्हातारा. पोराला क्षय. साठवलेले पैसे घेऊन पहाटे निघतो. मान उडवलेल्या क्रांतिकारकाच्या रक्तात भिजवलेला मांथौ (वाफवलेला पाव) विकत घेतो, पोराला भाजून खाऊ घालतो. पोर जातं. शेवटी चिंगमिंगलाच दोन आया दोन कबरींपाशी भेटतात.
दुपारी बसनं श्वेनथिंगखौला गेलो. चिउ जिन या क्रांतिकारक बाईचा इथं १९०७ मध्ये शिरच्छेद झाला. कथेतल्या माणसाचं नाव तिच्या नावावरून बेतलेलं. आता चौक. स्मारक, बाजूला दुकानं, स्कूटर. एक जण स्मारकाच्या पायरीवर बसून नूडल्स खात होता.
लू शुनचा बाप आजारी होता तेव्हा हा पोरगा चार वर्षं गहाणवटीच्या दुकानात आणि औषधाच्या दुकानात खेपा घालत होता. औषधवाल्याचा गल्ला त्याच्या उंचीचा. गहाणवाल्याचा दुप्पट. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. त्या गल्ल्यावर कपडे, दागिने वर सारायचे, मिळतील ते पैसे घेऊन दुसऱ्या गल्ल्याकडे जायचं.

१३ एप्रिल
रंगणीच्या कारखान्यात माल बघायला गेलो. कारखाने आता शहरातून हलवून उत्तरेला नेलेत. आत वाफ, नाकात झोंबणारा वास. यंत्राला खायला घालणाऱ्या माणसाची नखं निळी. हातमोजे होते, खिशात. मोजे घातले तर कापडाची घडी हाताला कळत नाही, म्हणाला.
श्याओ होंगची ‘हात’, १९३६. रंगाऱ्याची मुलगी वसतिगृहाच्या शाळेत येते. हात काळे-निळे. धुऊन जात नाहीत. सकाळच्या कवायतीला मुख्याध्यापिका तिला उभी करत नाहीत, बाहेरच्यांना दिसेल म्हणून. तिच्याशेजारी झोपायला कुणी तयार नाही, ती व्हरांड्यातल्या बाकावर झोपते. परीक्षेआधीच तिला घरी पाठवतात. बाप न्यायला येतो. तोही रंगारीच.
श्याओ होंग हाँगकाँगला वारली, १९४२. तिशीतच.
अण्णांचे हात आठवले. सायझिंगला होते. आमच्या शाळेत ते कधी आलेच नाहीत.

२१ एप्रिल
पगार लांबला. शेठ म्हणतात, माल पोर्टावर अडकलाय.

१ मे
पाच दिवस बाजार बंद. तिकडे महाराष्ट्र दिन.
माओ दुनची ‘वसंतातले रेशीमकिडे’, १९३२. एका बैठकीत. तोंगपाओ म्हातारा साठीचा. ‘परदेशी’ म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी. परदेशी सूत आलं, कालव्यात धूर सोडणारी बोट आली, तेव्हापासून घर खाली आलं असा त्याचा हिशेब. सुनेला परदेशी जातीची अंडी हवीत, त्यांच्या कोषाला भाव जास्त. भांडणं. बायका अंडी अंगाशी धरून ऊब देतात. म्हातारा लसणाचा गड्डा मातीत लिंपून भिंतीशी ठेवतो. कोंब जास्त फुटले तर पीक चांगलं. कोंब फुटतात मोजके. म्हातारा घाबरतो. पाला कमी पडतो, ३० युआन कर्ज काढतो, वर तुतीची जमीनही अडकवतो. घरातलं कुणी रात्र रात्र झोपत नाही.
आणि पीक येतं. कित्येक वर्षांत आलं नव्हतं असं.
शांघायला लढाई झालेली. रेशीमगिरण्यांची दारं बंद. म्हातारा होडीनं वूशीपर्यंत कोष नेतो, पडत्या भावात विकतो, काही तर परत आणावे लागतात. जमीन गेली, ३० युआन अंगावर. किडे मेले असते तर कर्ज कमी झालं असतं.
यादीत घातलं: तोंगपाओ ३०.

७ मे
गोदामातली बाई थोंगश्यांगची. माओ दुनच्या तालुक्यातली. कथा शाळेत होती म्हणाली, पाठ विसरली. किडे मात्र लक्षात आहेत. तिची आई पाळायची. मे महिन्यात घरात पाहुणा चालायचा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. रात्री दोनदा उठून पाला घालायचा. “पाहुणा नसायचा तेच बरं,” म्हणाली. “त्याला खायला काय घालणार?”

११ मे
दादा माग मोडतोय. आठपैकी पाच. भंगारवाला येऊन बघून गेला. किलोवर घेणार. वहिनीनं सांगितलं, दादा फोनवर आला नाही.

१२ मे
यादीत एक ओळ वाढवली. भाव कळला होता. लिहिला नाही.

१७ मे
सोळा ते चोवीस वर्षांच्या मुलांतली बेकारी एप्रिलमध्ये २०.४ टक्के. सरकारी आकडा. शेजारच्या गाळ्यातल्या मुलीनं मोबाइल पुढे धरला. तिला काढलं नाही, पगार कापला. कात्री घेऊन पुन्हा बसली.

२० मे
रौ शची ‘गुलाम आई’, १९३०. नवरा कर्जात, आजारी, दारूडा. बायको भाड्यानं देतो. शंभर युआन. तीन वर्षं, एका म्हाताऱ्या पंडिताला मुलगा देण्यासाठी. स्वतःचा लहानगा मागे. मुदत संपते. तिथला मुलगा तिथंच ठेवून परत येते, तर इथला तिला ओळखत नाही.
रौ श याच प्रांतातला, निंगहायचा. ७ फेब्रुवारी १९३१ ला शांघायच्या लोंगहुआत गोळी घातली. वय अठ्ठावीस.
पुढची कथा आज नको.

२३ मे
गाओ श्यावशंग, १९८०. एकट्यानंच हसलो. चेन ह्वानशंग तळलेल्या पिठाचे वेढे विकायला शहरात येतो. त्या पैशातून टोपी घ्यायचीय. स्टेशनवर ताप भरतो. ओळखीचा पक्षाचा सचिव त्याला आपल्या गाडीतून सरकारी विश्रामगृहात पोचवतो. सकाळी कळतं, रात्रीचे ५ युआन. खोलीत परत जातो. ज्या खुर्चीवर बसायला आधी भीत होता तिच्यावर धपाधपा बसतो. उशीच्या टॉवेलनं तोंड पुसतो. पैसे भरलेत ना! घरी जाऊन बायकोला काय सांगायचं? मग सुचतं: सचिवाच्या गाडीत बसलो. गावात त्याचा भाव वाढतो.
यादीत ५. एवढाच एक वसूल झाला.

३१ मे
अर्धा पगार आला. बाकीचा पुढच्या कंटेनरनंतर. घरी पाठवला. येता येईल का, वहिनी विचारत होती. थेट विमान नाही. बँकॉकवरून तिकीट बघितलं, बंद केलं.

६ जून
उद्यापासून गाओखाओ, इथली बारावीची मोठी परीक्षा. शिफूची मुलगी बसतेय, आनह्वेईत, आजीकडे असते. गेला नाहीस का, विचारलं. “मी जाऊन पेपर लिहिणार आहे का?” तीनचाकीवर ताके रचत होता, नऊ, दहा, अकरा. दोरी आवळून पाय लावला. पास झाली तर काय शिकवणार? म्हणाला, हॉटेलात पंखा लावून बसता येईल असं काहीतरी.

९ जून
लिऊ झेनयुन, १९९१. सुरुवातच आंबलेल्या टोफूनं. बीजिंगमधला कारकून, पहाटे उठून सरकारी दुकानात रांग लावून आणलेला टोफू पिशवीतच राहतो. त्यावरून नवरा-बायकोची जुंपते. मोलकरीण, पाळणाघर, बायकोची बदली, पाण्याचं मीटर. कुठं युद्ध नाही, दुष्काळ नाही, कुणाला गोळी घातलेली नाही. एकेकाळी कविता करणारा हा माणूस शेवटी कॉलेजातल्या मित्राच्या बदकांच्या दुकानी संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. पहिल्या दिवशी ओळखीच्यांना तोंड चुकवतो. मग सवय होते. हातात पैसा येतो, बरं वाटतं.
पुस्तक वहिनीला समजावून सांगता येईल, असं पहिल्यांदा वाटलं. सांगितलं नाही.

१४ जून
पावसाळा सुरू. गाळ्यात ताके फळ्यांवर चढवले.
दादाचा फोन. त्यानंच केलेला. उरलेले तीन मागही गेले. शेड रिकामी. इकडचं तिकडचं बोलला. अण्णांच्या फोटोला नवी काच बसवली. मग म्हणाला, “त्यो पांढरा शर्टिंगचा माल. तुझ्या शेठच्या कानावर घालू नकोस. मला हितं शेडात यिऊन मीटरला कितीला पडंल?”
कागद घेतला. मीटरचा भाव, कंटेनरचं भाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी, न्हावा शेव्यापासून ट्रक. तो विणायचा तेव्हा त्याला जे पडायचं, त्याहून कमी आलं. पुन्हा मांडलं. तेवढंच.
आकडा सांगितला. थोडा वेळ काही बोलला नाही. वहीत लिहीत असेल.
“शंभर ताके एकदम उचललेस तर पाच टक्के सोडतील,” मी म्हणालो.
“मग बाजूच्या दोन शेडवाल्यास्नी इचारतो,” म्हणाला. “त्येंचं माग अजून चालू हाईत. पर कुठंवर.”