खाटेचं अनुदान, खोलीचं भाडं

संपादकांनी विषय दिला तेव्हा अटही घातली: आकडेमोड कमी, माणसं जास्त. माझ्या कामात ही अट पाळणं अवघड, कारण नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला रात्री कुठे पाठ टेकता येईल, हे शेवटी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम पडली यावरच ठरतं. आश्रयगृहांचे प्रस्ताव, हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्रं तपासणं हा माझा व्यवसाय. लोकांच्या लेखी मात्र ‘महिलाश्रम’ म्हणजे वाढदिवसाला जेवण घालायची आणि दिवाळीत साड्या वाटायची जागा. साडीला दाता मिळतो. रात्रपाळीच्या पहारेकरणीच्या पगाराला आणि समुपदेशक बाईंच्या प्रवासखर्चाला मिळत नाही. हे रडगाणं इथेच थांबवतो. सांगायचं आहे ते वेगळंच. आपण अनुदान देतो ते खाटेला. खाट सोडल्यावर जी खोली लागते तिला काहीच देत नाही, आणि त्यामुळे खाटेवर केलेला खर्चही पुष्कळदा पाण्यात जातो.

योजनांचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्यात नावांचीच उलाढाल जास्त आहे. १९६९ साली अल्पमुदती निवासगृहं आली, २००१-०२ मध्ये ‘स्वाधार’ आलं, पुढे दोन्ही मिळून ‘स्वाधार गृह’ झालं, आणि २०२२ च्या ‘मिशन शक्ती’त त्याचं ‘शक्ती सदन’ झालं. प्रत्येक वेळी पाटी, शिक्का आणि लेटरहेड बदलावं लागलं. पैसा केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०; तो हप्त्यांनी येतो, आणि आधीच्या हप्त्याचा हिशेब मंजूर झाल्याशिवाय पुढचा सुटत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की संस्थेचं लक्ष बायकांपेक्षा व्हाउचरांकडे अधिक असतं. पण खरी गोम मुदतीत आहे. २०१५ पासूनच्या सखी केंद्रात, म्हणजे ‘वन स्टॉप सेंटर’मध्ये, तात्पुरता निवारा पाच दिवसांचा. तीस बायकांच्या स्वाधार गृहात कौटुंबिक हिंसाचारातून आलेल्या बाईला मुक्काम जास्तीत जास्त एक वर्ष होता, तर इतर कारणांनी आलेल्यांना तीन. म्हणजे ज्या बाईच्या मागे न्यायालयाच्या तारखा लागणार, तिलाच मुदत कमी. तिथे मुलगा आठ वर्षांहून मोठा झाला की त्याने आईबरोबर राहायचं नाही, त्याची सोय बालगृहात. मुदत संपल्यावर ती कुठे जाते? बहुधा माहेरी, आणि भावजयीचं तोंड वाकडं झालं की पुन्हा नवऱ्याकडे. हिशेबात ही नोंद ‘कुटुंबात पुनर्वसन’ म्हणून सुबक दिसते.

यावर कायद्याचे जाणकार म्हणतात, तिला खोली शोधायची गरजच काय, राहण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. इथे मला थोडं खोलात जावं लागेल. वाचकांनी सांभाळून घ्यावं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. कलम १७ म्हणतं, सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, मालकी असो वा नसो. दोनच महिन्यांत, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तरुणा बात्रा प्रकरणात त्याला कात्री लावली: घर नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा एकत्र कुटुंबाचं असेल तरच ते ‘सामायिक’. दिल्लीतल्या बंगल्यापुरता हा निकाल वाचून सोडून देता येईल. लालबाग-परळच्या चाळीत वाचा. तिथली भाडेपावती सासऱ्याच्या नावावर, कधी तर वारलेल्या आजेसासऱ्याच्या. पागडीची खोली नवऱ्याची नाही, त्याने भाड्यानेही घेतलेली नाही. मग सुनेचा हक्क कुठला, असं म्हणायला सासरच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळालं. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ रद्द ठरवला, तोवर चौदा वर्षं गेली होती. मला विचाराल तर या एका व्याख्येने शहरात जेवढ्या खाटा अडवल्या तेवढ्या अनुदानाच्या कपातीनेही अडवल्या नसतील. आकड्याने सिद्ध करता येणार नाही, पण माझं मत ठाम आहे.

बरं, हक्क मिळाला असं धरू. कलम १९ नुसार दंडाधिकारी नवऱ्याला घराबाहेर काढू शकतात, पण घरातल्या कुठल्याही बाईला नाही. म्हणजे सासू-नणंद तिथेच. बाई घराच्या ज्या भागात राहते तिथे प्रतिवादीने पाऊल टाकू नये, असाही आदेश देता येतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो ‘भाग’ कोणता दाखवायचा? एका कोपऱ्यात मोरी, तिच्या कट्ट्याला लागून ओटा, वर पोटमाळा, मध्ये दिवसा घडीचा पलंग आणि रात्री चार गाद्या. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. रेघ मारायची ती मोरीच्या अलीकडे की पलीकडे? त्याच कलमात नवऱ्याला घरावरचा हक्क सोडून द्यायला मनाई करण्याची तरतूद आहे, आणि इथे ती सोन्याच्या मोलाची, कारण पुनर्विकास आला की खोली बिल्डरच्या हवाली करून पैसे घेऊन मोकळं होणं सोपं. झोपडपट्टी पुनर्वसनात करारनामा पती-पत्नी दोघांच्या नावे करायचा नियम आहे. पागडीच्या चाळीत सगळं पावतीवरच्या एका नावाभोवती फिरतं. मनाई मागणारा अर्ज वेळेत गेला तर गेला.

म्हणून मी सतत बोट दाखवत आलो आहे ते कलम १९ (१)(च) कडे: तशाच दर्जाचं दुसरं घर मिळवून द्या, नाहीतर त्याचं भाडं नवऱ्याने द्यावं. फार चांगली तरतूद, पण भाडं देणार तो नवरा, आणि त्याने नाही दिलं तर वसुलीच्या तारखा पुन्हा तिनेच पाळायच्या. घरमालकाला मात्र अनामत पहिल्या दिवशी हवी, वर एजंटची दलाली, अकरा महिन्यांचा करार आणि पोलीस पडताळणी. ही रक्कम सरकारने आधी भरावी आणि मागाहून नवऱ्याकडून वसूल करावी, एवढंच माझं म्हणणं. यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अशाने संसार मोडतील. घरभाड्याची सोय झाल्यामुळे जो संसार मोडतो तो केवळ दुसरी खोली नव्हती म्हणून टिकला होता, आणि तसला संसार टिकवणं हे राज्याचं काम नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: खाटाच पुरेशा नाहीत, मग खोल्यांना पैसा कुठून? पण बाहेर जायला जागा नसलेली बाई मुदतवाढ मागत राहते आणि नवीन आलेली दारात उभी राहते. एक खोली भाड्याने घेतली तर एक खाट रिकामी होते. कॅनडात आदिवासी स्त्रियांसाठी २०२० नंतर जी तरतूद झाली तिच्यात किमान ३८ निवाऱ्यांबरोबर ५० संक्रमण-घरंही वेगळी मोजली गेली. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही, पण निदान दोन गोष्टी दोन आहेत हे कागदावर मान्य झालं. तिसरा आक्षेप गैरवापराचा. खोटे भाडेकरार होतील? काही होतील. खोट्या हजेरीपटांवर खाटाही भरल्या जातात, म्हणून आपण आश्रयगृहं बंद केलेली नाहीत.

मुदतीबद्दल मुंबईकडे एक जुना दाखला आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. आणि त्या मंडळींनी शब्द दिला होता दहा वर्षांचा. दात्याचे आणि धर्माचे प्रश्न त्यातून उपजले, सदन पुण्याला गेलं, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, हे सगळं खरं. पण पुढच्या हप्त्याची धास्ती न बाळगता एका विधवेला शिकवून उभं करायला किती वर्षं लागतील याचा विचार त्या शब्दात होता. आजच्या प्रस्तावात मी सुचवतो ते त्यापुढे फारच किरकोळ आहे: आश्रयगृह सोडणाऱ्या बाईसाठी अनामत आणि दोन वर्षांचं भाडं, उतरत्या क्रमाने, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, मुलगा कितीही वर्षांचा असो, आईबरोबर, आणि भाडेकरारावर भाडेकरू म्हणून संस्थेचं नव्हे, तिचं नाव.